एका उपाध्यक्षाच्या लघवीचा नमुना

लघवीतून एकदा रक्त गेलं आणि मग आपोआप थांबलं, की माणूस निर्धास्त होतो. आमच्या ओपीडीत असे रुग्ण नेहमी येतात, आणि गंमत अशी की ते बहुतेक वेळा त्यासाठी आलेलेच नसतात. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून आलेले असतात. केसपेपर हातात घेऊन उठता उठता, दाराशी पोचल्यावर सांगतात, की मध्यंतरी दोन दिवस लघवी लाल झाली होती, उष्णतेची असेल, भरपूर पाणी प्यायल्यावर साफ झाली. दुखलं का, तर अजिबात नाही. दुखलं नाही याचा त्यांना दिलासा असतो. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. मी त्यांना परत खुर्चीवर बसवतो, वय विचारतो, बिडी-सिगारेटचं विचारतो, आणि तपासण्या लिहून देतो. त्यावर त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. आता थांबलंय, तर तपासायचं कशाला?

या प्रश्नावर मला दर वेळी ह्यूबर्ट हम्फ्री आठवतात. हे 1965 ते 1969 या काळात अमेरिकेचे उपाध्यक्ष होते. जानेवारी 1966 मध्ये लालबहादूर शास्त्रींचं ताश्कंदला निधन झालं, तेव्हा अमेरिकेच्या वतीने दिल्लीला अंत्यविधीसाठी आलेले पाहुणे ते हेच. त्यांचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे. साठच्या दशकात आपल्या रेशनच्या दुकानांत जो अमेरिकन गहू यायचा, तो ज्या पीएल-480 कायद्याखाली यायचा, त्या योजनेचे हम्फ्री हे सिनेटमधले मोठे पाठीराखे होते. माझी आई त्या गव्हाच्या चपात्यांच्या आठवणीने अजून नाक मुरडते. पण त्या दुष्काळी वर्षांत घरात त्याच चपात्या होत्या, हेही तीच सांगते.

हम्फ्रींचा जन्म 27 मे 1911 चा, साउथ डाकोटा राज्यातल्या वॉलेस नावाच्या छोट्याशा गावातला. वडिलांचं औषधांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतं घर. पुढे कुटुंब डोलंड या गावी गेलं. तिथे शेतमालाचे भाव पडले, बँका बुडाल्या, आणि वडिलांना देणी भागवण्यासाठी राहतं घर विकावं लागलं. शेतकऱ्यांच्या उधारीवर चालणारं दुकान आणि पाऊस-भावावर अवलंबून असलेली उधारी, हे चित्र विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. मुलगा मिनेसोटा विद्यापीठात शिकत होता, पण पैसे संपले आणि त्याला परत यावं लागलं. वडिलांनी ह्युरॉन या गावात नवं दुकान टाकलं होतं. तिथे काउंटरवर बसायला हक्काचा माणूस हवा, म्हणून ह्यूबर्टने डेन्व्हरला जाऊन औषधशास्त्राचा अभ्यासक्रम सहा महिन्यांत रट्टा मारून पुरा केला आणि परवाना मिळवला. त्यानंतर काही वर्षं हा माणूस फार्मासिस्ट होता. त्या दुकानात माणसांच्या औषधांबरोबर डुकरांचीही औषधं विकली जायची, आणि काही तर बापलेक स्वतःच बनवायचे.

फार्मासिस्ट माणूस दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतो. डॉक्टरकडे न जाता काउंटरवरच विचारणारे तिथेही कमी नसणार. माझा असा समज आहे, की हम्फ्रींच्या राजकारणाची बैठक तिथे तयार झाली. 1936 मध्ये त्यांनी म्युरिएल बक हिच्याशी लग्न केलं, तिच्या मदतीने पुन्हा विद्यापीठ गाठलं आणि पदवी पुरी केली. मग लुइझियानात एम.ए.ला गेले आणि तिथे दक्षिणेतली काळ्या-गोऱ्यांची वेगवेगळी नळकोंडाळी, वेगवेगळे दरवाजे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. 1945 मध्ये ते मिनियापोलिसचे महापौर झाले. 1948 मध्ये फिलाडेल्फियातल्या पक्षाच्या अधिवेशनात नागरी हक्कांचा ठराव मांडताना त्यांनी असं भाषण केलं, की दक्षिणेकडचे काही प्रतिनिधी उठून निघून गेले. त्याच वर्षी ते सिनेटवर निवडून आले.

1964 चा नागरी हक्क कायदा सिनेटमधून पार करून घेण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. विरोधकांनी लांबलचक भाषणांनी कामकाज आठवडेच्या आठवडे अडवून धरलं. 10 जून 1964 रोजी चर्चा थांबवण्यावर मतदान झालं, 71 विरुद्ध 29. त्या मतदानातला एक प्रसंग डॉक्टर म्हणून माझ्या मनातून जात नाही. कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांना मेंदूत गाठ झाली होती, वाचा गेली होती. त्यांना चाकाच्या खुर्चीवरून सभागृहात आणलं. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी हात उचलून डोळ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच, आय. मत नोंदलं गेलं. पुढच्याच महिन्यात ते वारले.

हम्फ्रींचं पुढचं राजकारण इतकं सरळ नाही. लिंडन जॉन्सन यांचे उपाध्यक्ष झाल्यावर 1965 च्या सुरुवातीला त्यांनी व्हिएतनामचं युद्ध वाढवू नये, असं टिपण अध्यक्षांना लिहून दिलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की त्यांना महत्त्वाच्या बैठकांतून दूर ठेवलं गेलं. मग ते त्याच युद्धाची जाहीर वकिली करत फिरले. आयुष्यभराची पुण्याई त्यात बरीच खर्ची पडली.

याच काळात, 1967 मध्ये, त्यांच्या लघवीत रक्त आढळलं. वय 56.

डॉक्टरांनी त्या काळी जे करता येत होतं ते केलं. दुर्बिणीने मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी, आतून पाहिली आणि लघवीतल्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. ही पेशींची तपासणी तेव्हा वीस-बावीस वर्षं जुनी होती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जी पॅप तपासणी करतात, तिचे जनक पापानिकोलाऊ यांनीच 1945 मध्ये लघवीतही कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात असं दाखवलं होतं. मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशी सतत झडत असतात. त्या लघवीबरोबर बाहेर पडतात. बिघडलेल्या पेशीचं केंद्रक मोठं, काळपट आणि वेडंवाकडं दिसतं. कर्करोग आक्रमक असेल तर हे ओळखणं सोपं. पण पेशी थोड्याच बिघडल्या असतील, किंवा जंतुसंसर्गाने, खड्याने सुजल्या असतील, तर अनुभवी तज्ज्ञांचीही पंचाईत होते. हम्फ्रींच्या बाबतीत तसंच झालं. पेशी संशयास्पद होत्या, पण कर्करोग आहे की नाही यावर एकमत झालं नाही. मग लक्ष ठेवायचं ठरलं.

इथे थोडं थांबून, आज 56 वर्षांचा एखादा पुरुष हीच तक्रार घेऊन आला तर आम्ही काय विचार करतो ते सांगतो. मी मूत्ररोगतज्ज्ञ नाही, साधा फिजिशियन आहे. पण हा रुग्ण पहिल्यांदा आमच्यासारख्यांकडेच येतो आणि पुढे पाठवायचा की घरी, हे आम्हीच ठरवतो. त्यामुळे चूकही पहिली आमचीच होते.

पहिला प्रश्न, ते रक्तच आहे का. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते, क्षयरोगाच्या रिफाम्पिसिन गोळीने ती केशरी-लाल होते. लघवीत बुडवायची रंगीत पट्टी बदलली एवढ्यावर भागत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी मोजाव्या लागतात. ठळक केलेल्या एका दृश्यक्षेत्रात तीन किंवा जास्त पेशी दिसल्या, की ते रक्त धरायचं. दुसरा प्रश्न, रक्त डोळ्यांना दिसलं की फक्त तपासणीत सापडलं. हा फरक फार मोठा आहे. फक्त सूक्ष्मदर्शकाला दिसणाऱ्या रक्तात शंभरातल्या थोड्याच जणांना कर्करोग निघतो. डोळ्यांना लाल लघवी दिसली असेल, तर अनेक अभ्यासांत शंभरातल्या दहा ते वीस जणांना. म्हणजे तेव्हाही बहुतेकांना कर्करोग नसतो, हे आधी सांगायला हवं, कारण घाबरलेला रुग्ण पुढचं काही ऐकतच नाही. पण दहातला एक किंवा दोन, हा आकडा सोडून देण्यासारखा नाही. एकदाच दिसलं आणि थांबलं, तरी तो आकडा पुसला जात नाही. मूत्राशयातली गाठ म्हणजे नाजूक रक्तवाहिन्यांचं झुबकं असतं. त्यातली एखादी फुटते, दोन दिवस रक्त जातं, गुठळी बसते, थांबतं. गाठ तिथेच असते.

मग वय. साठी ओलांडलेली असेल तर धोका जास्त. पुरुषांत हा कर्करोग बायकांच्या तिप्पट-चौपट आढळतो. मग तंबाखूचा धूर. रोज वीस सिगारेटचं एक पाकीट, आणि असं वर्षभर, याला आम्ही एक पाकीट-वर्ष म्हणतो. रोज अर्धं पाकीट चाळीस वर्षं ओढलं तर वीस पाकीट-वर्षं झाली. दहाच्या आत असेल तर धोका कमी, तिसाच्या वर गेला तर बराच जास्त. बिडीचं बंडल या हिशेबात नीट बसत नाही, पण म्हणून ते माफ नाही. धुरातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात जातात, तिथून लघवीत उतरतात आणि ती लघवी तासन्‌तास पिशवीत साठून राहते. फुप्फुसाचं सगळ्यांना कळतं, पिशवीचं कुणाला पटत नाही. मी व्यवसायही विचारतो. फ्रँकफर्टजवळच्या रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने 1895 मध्येच सांगितलं होतं. रंग, रबर, चामडं यांच्या कारखान्यांत आयुष्य काढलेला माणूस समोर असेल, तर त्याने एकही सिगारेट ओढली नसली तरी मी सावध होतो.

हे सगळं धरून रुग्णाची कमी, मध्यम किंवा जास्त धोका अशी वर्गवारी करायची. धूम्रपान न करणारी पस्तिशीची बाई, तपासणीत चार-पाच तांबड्या पेशी, तर काही महिन्यांनी लघवी पुन्हा तपासली तरी चालतं. सगळ्यांना दुर्बीण घालत सुटण्यात शहाणपणा नाही, सीटी स्कॅनच्या किरणांचाही हिशेब असतो. मधल्या गटाला सोनोग्राफी आणि दुर्बीण. आणि ज्यांनी लाल लघवी डोळ्यांनी पाहिली, त्यांना वरच्या गटात धरायचं. दुर्बीण आणि मूत्रमार्गाचा पूर्ण सीटी स्कॅन. नुसती सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून घरी जायचं नाही, कारण छोटी गाठ, आणि अस्तराला चिकटून सपाट पसरणारा कर्करोग तर हमखास, सोनोग्राफीत निसटतो.

आपल्याकडे आणखी तीन ठिकाणी गाडी घसरते. एक म्हणजे मुतखडा. सोनोग्राफीत खडा दिसला की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही सुटकेचा श्वास टाकतात. पण साठीच्या बिडी ओढणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडात चार मिलिमीटरचा निवांत पडलेला खडा असणं आणि त्याच्या पिशवीत गाठही असणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दुसरी रक्त पातळ करणारी गोळी. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला रक्त दिसलं की दोष गोळीवर. गोळी गाठ तयार करत नाही. असलेल्या गाठीतून रक्त लवकर बाहेर काढते, म्हणजे एका अर्थी चहाडीच करते. अशा रुग्णाची तपासणी इतरांइतकीच पूर्ण व्हायला हवी.

तिसरी चूक माझ्या स्वतःच्या हातून झालेली आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी नोकरीला होतो. पन्नाशीतल्या एक बाई आल्या. लघवी लाल होते, थोडी जळजळ होते म्हणाल्या. उन्हाळी लागली असेल, असं त्यांनीच सुचवलं आणि मला ते सोयीचं वाटलं. मी अँटिबायोटिक दिलं. रक्त थांबलं, श्रेय मी घेतलं. तीन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा तीच गोळी, पुन्हा थांबलं. चौदा महिन्यांनी त्या आल्या तेव्हा वजन उतरलं होतं आणि एका बाजूचं मूत्रपिंड तुंबून फुगलं होतं. त्यांचे जुने केसपेपर मी काढले. पहिल्याच वेळी लघवीच्या तपासणीत पू-पेशी नव्हत्या, म्हणजे जंतुसंसर्गाचा पुरावाच नव्हता, आणि हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. बायकांमध्ये हा कर्करोग कमी होतो, पण सापडतो तो उशिरा, आणि त्याचं एक कारण माझ्यासारखे डॉक्टर आहेत.

पुन्हा हम्फ्रींकडे. पुढच्याच वर्षी, मार्च 1968 च्या अखेरीस, जॉन्सन यांनी आपण निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. महिनाभरात हम्फ्री रिंगणात उतरले. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात बाहेर पोलिसांच्या लाठ्या चालत असताना आत हम्फ्रींना उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरमध्ये रिचर्ड निक्सन यांनी त्यांना हरवलं. मतांमधला फरक एक टक्काही नव्हता. या सगळ्या धामधुमीत त्यांच्या मूत्राशयाबद्दलची शंका तशीच होती, आणि मतदारांना त्याचा पत्ता नव्हता. कर्करोग तेव्हाच नक्की झाला असता तर ते उभे राहिले असते का, इतिहास बदलला असता का, असं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्या जर-तरमध्ये रस नाही. माझं लक्ष तारखांकडे जातं.

हरल्यावर काही काळ ते मिनेसोटात शिकवत होते. 1971 मध्ये सिनेटवर परतले. 1972 मध्ये पुन्हा पक्षाच्या उमेदवारीसाठी धडपडले, मिळाली नाही. मधल्या वर्षांत तपासण्या चालू होत्या. 1973 च्या सुमारास शंकेला जागा उरली नाही आणि मूत्राशयावर किरणोपचार झाले. 1976 मध्ये गाठ भिंतीत खोल शिरली असल्याचं दिसलं. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात त्यांचं मूत्राशय काढून टाकण्यात आलं. 1967 पासून मोजलं तर नऊ वर्षं झाली होती.

या शस्त्रक्रियेबद्दल बोललं पाहिजे, कारण आमचे रुग्ण तिच्या नावाने पळतात. मूत्राशय काढल्यावर बहुधा आतड्याचा एक तुकडा वेगळा करून त्याला मूत्रनलिका जोडतात आणि त्याचं तोंड पोटावर उघडतात. तिथे बाहेरून पिशवी लावायची आणि ती रिकामी करत राहायचं. ऐकताना भयंकर वाटतं. पण माझ्या ओळखीचे एक शेतकरी अशी पिशवी लावून ऊसतोडीवर देखरेख करतात. आणि लवकर सापडलेल्या बहुतेक गाठींना ही शस्त्रक्रिया लागतच नाही. दुर्बिणीतूनच गाठ खरवडून काढता येते. ती परत येऊ नये म्हणून मूत्राशयात जे औषध सोडतात, ते आपल्या सगळ्यांच्या दंडावर व्रण ठेवून गेलेलं आहे, बीसीजी. क्षयाच्या लसीतले अर्धमेले जंतू पिशवीत सोडले, की शरीराची फौज त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. कॅनडातले डॉक्टर अल्व्हारो मोरालेस यांनी हा उपाय यशस्वी होतो असं पहिल्यांदा प्रसिद्ध केलं ते 1976 मध्ये. ज्या वर्षी हम्फ्रींचं मूत्राशय काढलं, त्याच वर्षी.

शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात झालेल्या निवडणुकीत मिनेसोटाने त्यांना पुन्हा सिनेटवर पाठवलं. मग केमोथेरपी सुरू झाली. माणूस वाळला, केस गेले. ऑगस्ट 1977 मध्ये आतड्याला अडथळा आला म्हणून पोट उघडलं, तेव्हा ओटीपोटातला कर्करोग काढता येण्यापलीकडे पसरलेला दिसला. ही बातमी त्यांनी दडवली नाही. त्या काळी अमेरिकेतही अनेक जण कर्करोगाचं नाव उघड घेत नसत. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जिमी कार्टर त्यांना आपल्या विमानातून वॉशिंग्टनला घेऊन गेले. सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे सदस्य उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. रुग्णालयात असले, की ते आपल्या खोलीत कमी आणि इतर रुग्णांच्या खाटांजवळ जास्त सापडायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. काउंटरवर बसून लोकांची दुखणी ऐकणारा मुलगा शेवटपर्यंत टिकला असावा.

अखेरच्या आठवड्यांत ते घरी, वेव्हर्ली इथे होते. पडल्या पडल्या त्यांनी जुन्या मित्रांना आणि वैऱ्यांना फोन केले. त्यात निक्सनही होते. वॉटरगेटनंतर राजीनामा देऊन निक्सन वॉशिंग्टनला फिरकले नव्हते. आपल्या अंत्यविधीला त्यांनी यावं, अशी हम्फ्रींची इच्छा होती. 13 जानेवारी 1978 रोजी हम्फ्री वारले, वय 66. दोन दिवसांनी कॅपिटॉलच्या घुमटाखाली झालेल्या श्रद्धांजलीला निक्सन आले. रिकाम्या झालेल्या जागेवर म्युरिएल यांची नेमणूक झाली.

ते गेल्यावर एका वर्षाने, 1979 मध्ये, पी-53 नावाचं एक प्रथिन शास्त्रज्ञांना सापडलं. आधी त्याचं काम उलटंच समजलं गेलं. ते बनवणारं जनुक कर्करोग रोखणारं आहे, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. पेशीतला बिघाड पाहून तिला विभाजन थांबवायला लावणारं हे जनुक. तेच मोडलं की बिघडलेली पेशी मोकाट सुटते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत डेव्हिड सिड्रान्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या लघवीतल्या पेशींमध्ये हे मोडकं जनुक शोधून दाखवलं. मग त्यांना एक कल्पना सुचली. हम्फ्रींच्या 1967 च्या नमुन्यातल्या पेशी जपून ठेवलेल्या होत्या. 1976 मध्ये काढलेली गाठही होती. गाठीतलं पी-53 जनुक एका विशिष्ट जागी बदललेलं निघालं. मग जुन्या पेशी तपासल्या. त्याच जागी तोच बदल. 1994 मध्ये हा वृत्तांत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला.

ज्या पेशींकडे पाहून 1967 मधल्या तज्ज्ञांचं एकमत होत नव्हतं, त्यातल्या काही पेशी गाठीच्याच होत्या. रक्त थांबल्यावरही त्या तिथेच होत्या. मला त्या जुन्या डॉक्टरांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांच्याकडे जनुकाची तपासणी नव्हती, सीटी स्कॅनही नव्हता, तो माणसावर पहिल्यांदा झाला 1971 मध्ये. त्यांनी शंका निदान नोंदवून ठेवली, पेशी टाकून दिल्या नाहीत आणि रुग्णाला परत बोलावत राहिले. मी माझ्या तालुक्याच्या गावी एवढंही केलं नव्हतं.

लघवीतल्या जनुकांच्या तपासण्या आता निघाल्या आहेत, मोठ्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळा त्यांच्या जाहिरातीही करतात. त्या महाग आहेत, आणि त्या चांगल्या आल्या म्हणून दुर्बीण टाळता येईल, असं सगळ्यांच्या बाबतीत अजून म्हणता येत नाही. दुर्बिणीची तपासणी हाच आजही खरा आधार आहे. भूल देणारी जेली लावून बारीक लवचिक दुर्बीण घालतात. पाच-दहा मिनिटांचं काम, नंतर एखादा दिवस थोडी जळजळ. सरकारी रुग्णालयात खर्चही परवडणारा असतो. रांग असते, हे मान्य.

पेशींच्या तपासणीचा संदिग्ध रिपोर्ट आजही येतो. नक्की कर्करोग म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं. रुग्ण तो नॉर्मल समजून कपाटात ठेवतात. असा रिपोर्ट हातात आला तर पुढची तपासणी कधी, हे डॉक्टरांना विचारून तारीख त्याच कागदावर लिहून घ्या. लाल लघवी दिसली तर दिवस, किती वेळा दिसली, गुठळ्या होत्या का, दुखलं का, हे लिहून ठेवा, जमल्यास मोबाइलवर फोटो काढा. लाजण्यासारखं त्यात काही नाही, आम्ही दिवसभर तेच पाहतो. आणि हे सगळं केस लिहायला सुरुवात होतानाच सांगा, दाराशी पोचल्यावर नको.